एलव्हॅड बसवल्यावर हृदयाचा स्नायू सावरतोय का, हे कसं तपासतात: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

एलव्हॅड, म्हणजे थकलेल्या हृदयाला मदत करणारा पंप, बसवून सात-आठ महिने झाले की घरची माणसं इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद घेऊन समोर बसतात. ईएफ (डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) १८ होती, आता ४४ आली आहे. मग पंप कधी काढायचा? एलव्हॅड समन्वयक म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो, आणि तो ऐकून मला आनंदच होतो. फक्त तो विचारण्याआधी जी चार-पाच कामं व्हायला हवीत, ती बहुतेकांची झालेलीच नसतात. कुणी आकडा बघून गोळ्या कमी केलेल्या असतात, कुणाची इको पंप पूर्ण वेगात असताना झालेली असते. आणि याच्या उलट, सावरण्याची चांगली शक्यता असलेला तरुण रुग्ण दोन-दोन वर्षं पंपावर राहतो, पण त्याची तपासणी करा असं कुणी सुचवतच नाही. मला ही दुसरी चूक जास्त लागते.

म्हणून सगळा क्रम इथे सलग लिहिते आहे. पंपाचा वेग आणि औषधांचे डोस तुमचे डॉक्टरच बदलतील. तुमचं काम तयारी ठेवण्याचं, वेळेवर विचारण्याचं आणि चुका टाळण्याचं.

आधी एवढं समजून घ्या

एलव्हॅड हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. त्यामुळे कप्प्यातला दाब उतरतो आणि त्याच्या भिंतीवरचा ताण कमी होतो. ताणामुळे फुगलेल्या स्नायूपेशी हळूहळू मूळ आकाराकडे येतात, ताणलेला कप्पा आकसतो, हृदयावरचा ताण दाखवणारं रक्तातलं बीएनपी खाली येतं. पंप एवढं नक्की करतो.

पण आकार लहान होणं म्हणजे ताकद परत येणं नव्हे. प्लास्टरमध्ये ठेवलेल्या पायाची सूज उतरते, पण त्या पायावर भार पेलवेल का हे भार टाकल्याशिवाय कळत नाही. शिवाय पेशींच्या मध्ये जो तंतुमय व्रण तयार झालेला असतो, तो नुसत्या विश्रांतीने सहजासहजी जात नाही. औषधं लागतात ती त्यासाठी, आणि शेवटी भार टाकून बघावा लागतो तोही त्यासाठीच.

फरक किती पडतो ते बघा. एलव्हॅड रुग्णांच्या अमेरिकेतल्या मोठ्या नोंदवहीत हृदय सावरल्यामुळे पंप काढलेल्यांचं प्रमाण १-२ टक्क्यांच्या आसपास आहे. तिथल्याच ६ केंद्रांनी मिळून ४० रुग्णांवर रीस्टेज-एचएफ नावाचा अभ्यास केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंपाचा वेग इकोवर नीट जुळवला, औषधं ठरवून वाढवली आणि ठरावीक काळाने वेग उतरवून तपासण्या केल्या. १८ महिन्यांत ४० पैकी १६ जणांचा पंप काढता आला आणि त्यानंतर वर्षभर त्यांचं हृदय टिकून राहिलं. हे रुग्ण निवडलेले होते: वय साठीच्या आत, आजार ५ वर्षांच्या आतला, मूळ कारण हार्ट अटॅक नाही. त्यामुळे ४० टक्के हा आकडा कुणीही स्वतःला जसाच्या तसा लावू नये. पण शोधल्याशिवाय सापडत नाही, एवढं त्यातून दिसतं.

टप्पा १: शस्त्रक्रियेच्या आधीच फाइल तयार करा

हा टप्पा जवळजवळ सगळे जण सोडतात. पंप बसवण्याची वेळ येते तेव्हा धावपळ असते, माणूस आयसीयूत असतो, आणि जुने कागद कुठल्या तरी पिशवीत पडलेले असतात. सहा महिन्यांनी तुलना करायची म्हटली की हाताशी काहीच नसतं.

फाइलमध्ये काय हवं:

१. हृदय कशामुळे निकामी झालं याचं लेखी निदान. अँजिओग्राफीचा अहवाल यात हवाच.
२. आजार पहिल्यांदा कळला ती तारीख. "बरीच वर्षं झाली" हे उत्तर चालत नाही.
३. पंपाच्या आधीची शेवटची इको. त्यात डाव्या कप्प्याचा फुगलेल्या अवस्थेतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असावा.
४. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी).
५. आयसीडी (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) बसवलेलं आहे का, असल्यास कधी.
६. शस्त्रक्रियेत पंपासाठी हृदयाच्या टोकाचा जो छोटा गोल तुकडा काढतात, त्याचा पॅथॉलॉजी अहवाल. हा मागून घ्या. स्नायूत व्रण किती आहे, सूज आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं आणि तो तुकडा पुन्हा मिळत नाही.

ही यादी मी उगाच केलेली नाही. वय ५० च्या आत, मूळ कारण हार्ट अटॅक नाही, आजार २ वर्षांच्या आतला, आयसीडी नाही, क्रिएटिनिन १.२ किंवा त्याहून कमी, कप्पा ६५ मिलिमीटरपेक्षा लहान: नोंदवहीतल्या रुग्णांचा अभ्यास करून सावरण्याची शक्यता वाढवणाऱ्या म्हणून याच ६ गोष्टी ठरवल्या गेल्या आहेत. बाळंतपणाच्या आसपास हृदय निकामी झालेल्या बायका आणि विषाणूमुळे हृदयस्नायूला सूज आलेले तरुण रुग्ण यांच्याकडे मी सुरुवातीपासूनच वेगळ्या नजरेने बघते. हार्ट अटॅकने मोठा भाग मेलेला असेल तर तो भाग पंपामुळे जिवंत होत नाही. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. खोटी आशा महिनोन्‌महिने पुरवण्यापेक्षा ते बरं.

*इथे विचारा:* "आमच्या रुग्णात हृदय सावरण्याची शक्यता धरून चालायचं का? पहिली तपासणी कधी?" उत्तर फाइलमध्ये तारखेसह लिहून घ्या.

टप्पा २: पंपाचा वेग इकोवर जुळवून घ्या

वेग जास्त असला की पंप चांगला चाललाय, हा गैरसमज फार पसरलेला आहे. वेग गरजेपेक्षा जास्त झाला की दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ओढला जातो, उजवा कप्पा थकतो, पंपाचं तोंड भिंतीला चिकटून ओढ बसते आणि ठोके बिघडतात. महाधमनीची झडप उघडेनाशी झाली तर तिच्या पाकळ्या चिकटू लागतात आणि पुढे ती गळायला लागते. मग पंपाने पुढे ढकललेलं रक्त त्याच झडपेतून परत कप्प्यात येतं. म्हणजे ज्या स्नायूला विश्रांती द्यायची, त्याच्यावरच उलटा भार.

वेग कमी पडला तर कप्पा फुगलेलाच राहतो आणि मायट्रल झडपेची (डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेची) गळती चालू राहते.

म्हणून इको चालू ठेवून वेग पायरीपायरीने वाढवतात आणि तीन गोष्टी बघतात: पडदा मध्यभागी आहे का, मायट्रलची गळती कमीत कमी झाली का, महाधमनीची झडप अधूनमधून तरी उघडते का. २०२१ मध्ये एचव्हॅड नावाच्या पंपाची विक्री थांबल्यापासून नव्याने बसणारे बहुतेक पंप हार्टमेट ३ आहेत. त्यांचा वेग साधारण मिनिटाला ५००० ते ६००० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवला जातो. तुमचा आकडा शेजारच्या रुग्णाशी ताडून बघू नका, त्याला काही अर्थ नाही.

वजन बदललं, पाणी उतरलं, औषधं वाढली की हा जुळवलेला वेग पुन्हा तपासावा लागतो. डिस्चार्जच्या दिवशी ठरवलेला वेग सहा महिने तसाच, ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

टप्पा ३: औषधं पूर्ण डोसपर्यंत न्या

पंप बसण्याआधी बीपी इतकं कमी असतं की हृदयाची औषधं देताच येत नाहीत. पंपामुळे बीपी सावरतं आणि ती संधी मिळते. ती वाया घालवू नका. रीस्टेज-एचएफमध्ये लिसिनोप्रिल, कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, लोसार्टन आणि डिगॉक्सिन ही औषधं वाढवत नेली होती. आज बऱ्याच ठिकाणी लिसिनोप्रिलऐवजी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन देतात आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळीही जोडतात.

क्रम असा: आधी बीपी मोजणं पक्कं करा, मग एका वेळी एकच औषध वाढवलं जातं, मग पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासलं जातं, मग पुढचं.

बीपी मोजण्यातच पहिली ठेच लागते. या रुग्णांची नाडी क्षीण असते किंवा लागतच नाही. घरातलं डिजिटल यंत्र "एरर" दाखवतं, नाहीतर भलताच आकडा देतं. पट्टा आणि हातातलं डॉपलर (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) वापरून मोजायला शिका. सरासरी दाब साधारण ७५ ते ९० च्या मध्ये हवा असतो. तुमच्यासाठीची वरची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. दाब चढला की पंपातून जाणारं रक्त कमी होतं, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

*सावधान:* लिसिनोप्रिल किंवा त्याच जातीची गोळी बंद करून सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन सुरू करताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं. घरात जुन्या गोळ्यांची पट्टी उरली असेल तर ती त्याच दिवशी बाहेर काढा.

*सावधान:* गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, कुणी सांगितलेला काढा, यातलं काहीही विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर आणि मूत्रपिंडावर त्यांचा परिणाम होतो. मेथी-पालक बंद करायची गरज नाही. आठवड्याला साधारण तेवढ्याच खा, म्हणजे आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) डोलणार नाही.

टप्पा ४: घरातले रोजचे महिने

सावरण्याचा बराचसा भाग पहिल्या सहा महिन्यांत घडतो, आणि ते महिने घरात जातात. एक वही ठेवा. रोज सकाळी लघवीनंतर वजन, डॉपलरचं बीपी, कंट्रोलरवरचे (पंप चालवणाऱ्या बाहेरच्या यंत्रावरचे) चार आकडे (वेग, प्रवाह, नाडीचा जोर दाखवणारा पीआय, पॉवर), आणि त्या दिवशी किती चाललात. महिन्याभरात या वहीतून जे कळतं ते पाच मिनिटांच्या ओपीडीत कळत नाही.

ड्राइव्हलाइनबद्दल, म्हणजे पंपापासून पोटातून बाहेर कंट्रोलरकडे येणाऱ्या वायरबद्दल, एक प्रसंग सांगते. एका ताईंची जखम दर महिन्याला लाल व्हायची. ड्रेसिंग व्यवस्थित, सून हात धुऊन, मास्क लावून करायची. तिसऱ्या वेळी मी त्यांना साडी नेहमीसारखी नेसून दाखवायला सांगितली. परकराची नाडी बरोबर वायर बाहेर येते त्या जागेवर आवळली जात होती, आणि वाकलं की वायर सुताएवढी ओढली जायची. नाडीची गाठ दुसऱ्या बाजूला घेतली, वायर पट्ट्याने पोटाला बांधून ठेवली, आणि जखम महिन्याभरात बसली. लेंगा, पायजमा, पट्टा, सगळं एकदा असं तपासून घ्या. जंतुसंसर्ग झाला की औषधं वाढवणं थांबतं, तपासण्या पुढे जातात, आणि सावरण्याचे मोलाचे महिने हातातून निघून जातात.

आणखी काही, थोडक्यात:

- बॅटऱ्या एका वेळी एकच बदला. दोन्ही एकदम कधीही काढू नका. कंट्रोलरमधली आपत्कालीन बॅटरी किमान १५ मिनिटं पुरते, पण ती धावपळीतल्या चुकीसाठी आहे, सोयीसाठी नाही.
- वीज जाण्याची वाट बघू नका. भरलेली जोडी आणि जादा कंट्रोलर असलेली पिशवी रुग्णाच्या हाताच्या अंतरावर.
- निर्जळी उपवास नको. शरीरात पाणी कमी पडलं की कप्पा रिकामा होतो, पंप भिंत ओढतो आणि प्रवाह कमी झाल्याचा अलार्म वाजतो. हार्टमेट ३ मध्ये तो मिनिटाला २.५ लिटरच्या खाली वाजतो. एप्रिल-मेमध्ये लघवीच्या गोळीचा डोस पुन्हा विचारून घ्या.
- पोहणं, टबात बसणं नाही. एमआरआय नाही.
- चालणं मात्र रोज. पुनर्वसनाचा व्यायाम सांगितला असेल तर तो औषधाइतक्याच नेमाने.

*चुकीची खूण ओळखा:* "नाडी लागायला लागली, म्हणजे हृदय बरं झालं." तसं असेलही. पण हार्टमेट ३ दर २ सेकंदांनी स्वतःच वेग क्षणभर खाली-वर करतो, आणि पंपाचा वेग कमी केल्यावरही नाडी जाणवते. मनगटावरून निदान करू नका. वहीत तारीख टाका आणि डॉक्टरांना सांगा.

टप्पा ५: वेग उतरवून तपासणी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. म्हणून सावकाश वाचा.

पंप पूर्ण वेगात असताना काढलेली ईएफ ही पंप आणि हृदय या दोघांची मिळून कमाई असते. पंप कप्पा रिकामा ठेवतो, म्हणून कप्पा लहान दिसतो. हृदय एकट्याने काय करू शकतं ते बघायचं तर पंपाची मदत काढून घ्यावी लागते. मात्र पंप पूर्ण बंद करत नाहीत. या पंपांना झडप नसते. बंद केला की महाधमनीतलं रक्त पंपाच्या नळीतून उलटं कप्प्यात येतं. म्हणून वेग अशा पातळीपर्यंत उतरवतात जिथे पंप फारशी मदत करत नाही आणि रक्त मोठ्या प्रमाणात उलटंही येत नाही. जुन्या हार्टमेट २ मध्ये ही पातळी ६००० फेऱ्यांची, हार्टमेट ३ मध्ये साधारण ४००० ची.

तयारी:

१. आयएनआर त्याच दिवशीचा. वेग उतरला की पंपात रक्त रेंगाळतं आणि गुठळी होऊ शकते. आयएनआर २ च्या खाली असेल तर तपासणी पुढे ढकलतात किंवा डॉक्टर आधी रक्त पातळ करणारं हेपॅरिन देतात. सुरुवातीच्या काळात मी एकदा चार दिवसांपूर्वीच्या अहवालावर विसंबून सगळी तयारी केली. सकाळी पुन्हा रक्त घेतलं तर १.७. रुग्ण पहाटे चारला एसटीने निघून आलेला होता आणि तपासणी रद्द करावी लागली. तेव्हापासून त्याच सकाळचा अहवाल हातात आल्याशिवाय मी इकोच्या खोलीचं दारही उघडत नाही.
२. पंपात गुठळीची शंका असेल (पॉवर वाढलेली, रक्तपेशी तुटल्याची खूण देणारं एलडीएच चढलेलं, लघवी गडद) तर ही तपासणी नाही.
३. जंतुसंसर्ग, ताप, अंगात पाणी साठलेलं असेल तर आधी ते निस्तरा.
४. सकाळच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. "तपासणी आहे म्हणून घेतल्या नाहीत" हे आम्ही फार ऐकतो. औषधांसह हृदय कसं चालतं तेच आम्हाला बघायचं असतं.
५. चालायला सोपे बूट किंवा चप्पल.

क्रम:

१. नेहमीच्या वेगावर इको आणि बीपी.
२. वेग पायरीपायरीने खाली. प्रत्येक पायरीवर त्रास होतोय का ते विचारतात.
३. सर्वांत खालच्या वेगावर ५ मिनिटांनी इको, पुन्हा १५ मिनिटांनी इको.
४. त्याच कमी वेगावर ६ मिनिटं चालणं.
५. लगेच पुन्हा इको.
६. वेग पूर्ववत. तो पूर्ववत झाल्याचं कंट्रोलरवर स्वतः वाचा आणि वहीत लिहा.

चौथी पायरी काही ठिकाणी वेळ नाही म्हणून गाळतात. गाळू देऊ नका. पलंगावर पडून छान दिसणारं हृदय चालल्यावर फुगलेलं मी पाहिलं आहे.

*लगेच थांबवतात:* चक्कर, धाप, बीपी घसरणं, ठोके बिघडणं, कप्पा डोळ्यांदेखत फुगणं. रुग्णाने हिंमत दाखवून त्रास लपवू नये. लपवलेल्या त्रासामुळे पुढचा सगळा निर्णय चुकतो.

एक तपासणी नापास झाली म्हणजे दार बंद झालं असं नाही. वेग आणि औषधं पुन्हा जुळवून काही महिन्यांनी ती परत करतात.

टप्पा ६: शेवटची पडताळणी

इको समाधानकारक असेल तर कमी वेगावरच उजव्या बाजूने कॅथेटर घालून दाब मोजतात आणि श्वासाचं यंत्र लावून व्यायामाची तपासणी करतात. पंप काढण्याचा विचार करण्यासाठी रीस्टेज-एचएफमध्ये वापरलेले निकष असे:

- फुगलेल्या अवस्थेत कप्पा ६० मिलिमीटरपेक्षा लहान, आकुंचनात ५० पेक्षा लहान
- ईएफ ४५ च्या वर
- डाव्या बाजूचा दाब १५ किंवा कमी
- विश्रांतीत कार्डिॲक इंडेक्स (शरीराच्या आकारमानाच्या हिशोबाने हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं तो आकडा) २.४ च्या वर
- व्यायामात ऑक्सिजन वापर दर किलोला मिनिटाला १६ मिलिलिटरच्या वर

*तपासा:* हे सगळे आकडे कमी वेगावरचे आहेत ना? अहवालावर मोजतानाचा वेग लिहिलेला नसेल तर तो लिहून घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका.

टप्पा ७: पंप काढण्याचा निर्णय आणि त्यानंतर

पंप पूर्ण काढता येतो, काढून हृदयाच्या टोकाला बूच बसवता येतं, किंवा पंप आत तसाच ठेवून नळी बंद करून वायर कापता येते. कुठला मार्ग घ्यायचा ते आधीच्या शस्त्रक्रियांवर, जंतुसंसर्गावर आणि शल्यविशारदाच्या हातावर ठरतं. प्रत्येकात मागे काय उरतं आणि रक्त पातळ करणारी गोळी किती काळ चालू ठेवायची, हे दोन प्रश्न आवर्जून विचारा.

रीस्टेज-एचएफमध्ये पंप काढलेल्यांपैकी पुन्हा पंप किंवा प्रत्यारोपण न लागता १ वर्षाने ९० टक्के आणि ३ वर्षांनी ७७ टक्के जण जगत होते. म्हणजे काहींचं हृदय पुन्हा ढासळतं. म्हणून प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीतलं नाव कधी आणि कसं काढायचं, हे पंप काढण्यापूर्वीच स्पष्ट बोलून घ्या.

आणि गोळ्या. पंप गेला, आकडे चांगले आले, मग गोळ्या कशाला, असं वाटणारे फार आहेत. ब्रिटनमध्ये ट्रेड-एचएफ हा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात पंप नसलेले, पण औषधांनी हृदय पूर्ववत झालेले ५१ रुग्ण होते. २५ जणांची औषधं टप्प्याटप्प्याने बंद केली, २६ जणांची चालू ठेवली. सहा महिन्यांत बंद केलेल्यांपैकी ११ जणांचं हृदय पुन्हा बिघडलं. चालू ठेवलेल्यांत एकाचंही नाही.

पंप काढल्यानंतरही वही चालूच ठेवा. रोजचं वजन, बीपी (आता साध्या यंत्रावर येईल), चालल्यावर लागणारी धाप. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, पायावर सूज आली, रात्री एकाऐवजी दोन उशा लागायला लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.